चौसष्ट किलो

फुग्याच्या जहाजाला विमानासारखी धावपट्टी लागत नाही. त्याला लागतो तोल. माणूस उतरला की त्याच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या लगेच आत टाकायच्या, नाहीतर जहाज दोर ताणून वर उठतं. वीस वर्षं या तळावरचा वजनकाटा माझ्या ताब्यात आहे. शाळेत दोनच इयत्ता काढल्या, पण माणूस दारातून आत आला की त्याचं वजन सांगते. किलोभर इकडेतिकडे झालं तर नाव बदलीन.

त्या सकाळी माझा धाकटा औषधांची खोकी घेऊन डोंगरापलीकडे निघाला होता. कप्तान म्हणजे नुसत्या मिशा आणि आवाज. म्हणाला, "मावशी, याला चढवा काट्यावर."

"माझ्या पोराचं वजन मला काट्यानं सांगायचं होय? चौसष्ट. लिहा."

त्यानं लिहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जहाज परतलं. खोकी तिकडेच उतरवलेली, आत कप्तान आणि धाकटा दोघंच. आधी कप्तान उतरला, त्याच्या पिशव्या आत गेल्या, सगळं रीतसर. मग धाकटा उतरला, माझ्याकडे बघून हसला. हमालांनी त्याच्या सोळा-सोळा किलोच्या चार पिशव्या टाकल्या.

जहाज खाली बसलं. शिडी मातीत रुतली.

एक पिशवी काढली, दुसरी, तिसरी. चौथी निघाली तेव्हा कुठे ते सरळ झालं.

"कोणी लपून आलं की काय?" हमाल हसत आत शिरले. कानाकोपरा बघून बाहेर आले, तेव्हा हसत नव्हते. "कोणी नाही. पण पुढच्या खिडकीची काच आतून वाफेनं धुरकटलीय."

कप्तान मिशा चावत होता. "येताना ढगात शिरलो होतो. समोरचं काही दिसेना. मी याला एक हाक मारली, मावशी. 'ओ' दोनदा आलं."

"कानात वारं गेलं असेल तुमच्या."

"असेल. किंवा तुमचा आकडा चुकला असेल. न तोलता लिहायला लावलात. तासाभरात परत निघायचंय मला. आकडा खोटा निघाला तर उद्यापासून काट्यावर दुसरं माणूस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खरं सांगते, तेव्हा मला पोराची नाही, माझ्या शब्दाची पडली होती.

"चढ रे काट्यावर. दाखव यांना."

धाकटा चढला. दोन्ही पाय नीट जुळवून उभा राहिला.

या काट्यावर चिमणी बसली तरी सुई हलते.

सुई शून्यावर होती.

मी त्याच्या पायांकडे पाहिलं. पाय होते. बूट होते. लेस मीच बांधून दिलेली, तशीच होती.

"किती, आई?" तो हळूच म्हणाला.

"किती, मावशी?" पलीकडून कप्तान ओरडला.

"चौसष्ट," मी म्हटलं.

माझ्या पाठीमागे दोर करकरला. मी वळले. जहाजाचं नाक सावकाश खाली येत होतं, कोणी चालत पुढच्या खिडकीपाशी आलं की येतं तसं.