बॅटरी भरेपर्यंत

सिंदी मेघेची यामिनी देवळीच्या शाळेत शिकवायची. अठरा किलोमीटर जाणं, अठरा येणं. दोन हजार आठच्या त्या हिवाळ्यात तिच्याकडे बॅटरीवरची जुनी दुचाकी गाडी होती. पंचवीसच्या वर ती पळायची नाही, आणि कंपनीने एका चार्जिंगवर सांगितलेले साठ किलोमीटर तिने कधीच गाठले नव्हते. त्यात घरी भारनियमन. एका संध्याकाळी गाडी अर्ध्या वाटेत थांबली, ती नेमकी साकेतच्या दुकानासमोर. साकेत विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा.

"तासभर लागते चार्जिंगले, मॅडम. चहा सांगू?"

"सांगा... साखर कमी."

"गाडी हळू, साखर कमी. डॉक्टरनं सांगितलं काय?"

ती हसली. मग तो थांबा रोजचाच झाला. ती वह्या तपासायची, तो तांब्याची तार गुंडाळायचा. ती यायच्या वेळेला, सव्वापाचच्या आधी, तो साबणाने हात धुऊन बसतो, हे तिच्या लक्षात आलं होतं.

एके दिवशी तो गाडीकडे बघतच म्हणाला, "चारपैकी दोन बॅटऱ्या गेल्या आहेत. बदलल्या तर न थांबता घरी पोचाल."

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून..."

"मग आज काऊन सांगून राह्यले?"

"काल लाइन उशिरा आली, तुम्हाले पार रात्र झाली. मी माझंच पाहून राह्यलो होतो – ते बरोबर नाई."

यामिनीला राग यायला हवा होता. आला नाही.

शनिवारी त्याने नव्या बॅटऱ्या बसवल्या. सोमवार, मंगळवार, बुधवार... गाडी दुकानासमोरून सरळ निघून गेली. गुरुवारी तिने ब्रेक दाबला.

साकेत धावत बाहेर आला. "पुन्हा बंद पडली?"

"नाई. रविवारी नागपूरचं स्थळ येणार होतं. बाबाले सांगितलं, त्यांना नाही म्हणा."

"काऊन?"

"तुम्ही या म्हणून. अकरा वाजता."

त्याने हात फडक्याला पुसले. "तुमच्या बाबाले मोटार दुरुस्तीवाला चालते काय?"

"ते त्यांनाच विचारा. मले चालते..." आणि लाल झालेले कान त्याला दिसण्याआधीच ती निघाली.

रविवारी तो पावणेअकरालाच हजर झाला. यामिनीच्या बाबांनी, लक्ष्मणरावांनी, त्याला दीड तास प्रश्न विचारले – शेती, शिक्षण, दुकान, आई. यामिनी दाराआड जीव मुठीत धरून उभी. शेवटी लक्ष्मणराव उठले, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले,

"पान वाढ गं यामिनी. साकेतराव जेवूनच जातील."