डाव्या बाजूचा पत्रा

ही हकीकत मी गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, रात्री साडेदहाच्या सुमारास, माझ्या खोलीसोबत्याच्या मामांकडून ऐकली. वीज गेली होती आणि आम्ही चौघे त्यांच्या घराच्या जिन्यात बसलो होतो. मामांनी उभे आयुष्य मालमोटारी चालवण्यात घालवले. घडले ते मात्र त्यांच्या बाबतीत नव्हे, तर त्यांच्या शेजारी राहणाऱ्या पत्रे मिस्त्रींच्या बाबतीत. "माझ्यावर विश्वास ठेवू नका रे," मामा म्हणाले, "मिस्त्री अजून हयात आहे. त्यालाच विचारा." पुढे मी विचारले. दोघांच्या सांगण्यात जिथे मेळ बसला, तेवढेच येथे लिहीत आहे.

गंजलेल्या गाड्यांचे पत्रे कापून नवे बसवणे हा मिस्त्रींचा धंदा. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, दिवेलागणीला, दाजी आपली जुनी व्हॅन घेऊन त्यांच्या दुकानात आले. दाजी हे नुसते नावाला दाजी. सख्खा मेहुणा त्यांना एकही नव्हता, पण रस्त्यावरचे सगळे त्यांना तशीच हाक मारीत. रोज भल्या पहाटे टेकडीपलीकडच्या गावांत वर्तमानपत्रांचे गठ्ठे पोहोचवायचे, हे त्यांचे काम.

मिस्त्रींनी गाडीखाली बॅटरीचा झोत टाकला आणि जिभेने 'च्यक्' केले.

"दाजी, हिच्यात पत्रा कमी नि गंज जास्त. सगळा गंज खरवडला, तर तुमच्या हातात नुसतं स्टिअरिंग राहील."

"तेवढं राहिलं तरी चालवीन. तुम्ही फक्त डावीकडचा पत्रा बदला. शेजारच्या सीटपुढचा, पाय ठेवायचा."

"डावाच का? उजवा काय सोन्याचा लागून गेला?"

दाजी हसले नाहीत. "डावा वाजतो," ते म्हणाले.

पहाटे तीनला गाडी हवी होती. मिस्त्रींनी त्यांना घरी पिटाळले. "जा, दोन घटका पडा. डोळे बघा, कसे खोबणीत गेलेत."

"पडतो," दाजी म्हणाले. "डोळ्याला डोळा लागेल असं काही नाही."

मिस्त्रींनी डावी सीट काढून भिंतीशी टेकवली, रबराची चटई उचलली आणि कामाला हात घातला. गाडीचा तळ गंजतो तो बहुधा खालून, किंवा चटईखाली साचलेल्या पाण्याने, आणि तो गंज पसरत जातो. येथे प्रकार निराळा होता. ठिगळावर ठिगळ मारलेले होते, एकूण चार थर. आणि प्रत्येक थर नेमका एकाच जागी दबलेला. वरून. खळगा अर्ध्या वाटीएवढा, कड गोल.

ही टाचेची जागा होती, हे मिस्त्रींच्या लक्षात आले. आणि लगेच दुसरी गोष्टही आठवली. दाजींची बायको. साऱ्या रस्त्याची वहिनी. नवरा जरा वेगात निघाला की ती शेजारी बसून पायाने तळपत्रा दाबी, जणू तिच्याही पुढ्यात ब्रेक आहे. दाजी चारचौघांत थट्टा करीत, "आमच्या गाडीला दोन ब्रेक. एक कंपनीचा, एक सासऱ्यांनी दिलेला!" वहिनी म्हणत, "हसा. सासऱ्यांचा होता म्हणून आजवर धडावर डोकं आहे."

सहा वर्षांपूर्वी टेकडीच्या पायथ्याच्या वळणावर, पहाटे, दाजींचा डोळा लागला होता. याच गाडीची डावी बाजू झाडावर आदळली. दाजींना खरचटलेही नाही. वहिनींना काढले, तेव्हा जीव उरला नव्हता, आणि त्यांचा पाय तळपत्र्यावर ताठ रोवलेला होता... ब्रेक दाबावा तसा.

मिस्त्रींनी विचार झटकला. कुजका भाग कापून काढला, नवा पत्रा मापात बसवला, चारी कडा जोडल्या आणि वरून तांबडा प्राइमर मारला. आता खालच्या बाजूने सांधा रंगवायचा होता. त्यांनी जॅकने गाडी उचलली, दाराखालच्या पट्टीला लोखंडी घोडीचा टेकू देऊन जॅक काढला, आणि रंगाचा डबा घेऊन उताणे गाडीखाली सरकले. एक वाजून गेला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते.

टण्.

पत्रा वाजला. मिस्त्री दचकले नाहीत. ताजे वेल्डिंग निवताना पत्रा आखडतो, वाजतो. रोजचेच.

टण्.

यावेळी त्यांचे डोळे वरच होते. तोंडापासून हातभर अंतरावर नवा पत्रा खाली आला. आणि वर गेला.

"कोण आहे वर?"



"दाजी?... आलात का?"

गाडी हलली नाही. कोणी चढले असते, तर स्प्रिंग दबल्या असत्या. पत्रा तेवढा पुन्हा खाली येऊ लागला. हळूहळू. एकाच जागी. गोल. कोणीतरी सारा भार टाचेवर घेत असावे, तसा. खाली... आणखी खाली... आणि तिथेच थांबला.

 मिस्त्रींनी मान वळवली. आणि घोडी दिसली.

घोडी कलत होती. ज्या पट्टीला तिचा टेकू होता, ती आतून पोखरलेली होती. गंजाचा भुसा बारीक धारेने जमिनीवर गळत होता. आवाज न करता.

मिस्त्रींनी अंग बाहेर फेकले.

गाडी बसली. रंगाचा डबा चपटा झाला.

कितीतरी वेळ ते तसेच पडून राहिले. मग उठले.  दारातून आत बॅटरी टाकली.

गाडीत कोणी नव्हते. सीट भिंतीशी होती. ओल्या प्राइमरवर बोटाचाही ठसा नव्हता. आणि नव्या पत्र्यात खळगा होता.

"वाजला का?"

मागे दाजी उभे होते. घरून चालत आलेले. मिस्त्रींनी मान हलवली.

"मी म्हटलं होतं," दाजी खालच्या आवाजात म्हणाले. "गाडी चालवताना जरा कुठं पापणी जड झाली, की टण्. दचकून बघतो, तर शेजारी कोणी नाही. तीनदा ठिगळ मारून घेतलं. सहा वर्षं झाली, मिस्त्री. आता घरीसुद्धा डोळे मिटले, की तोच आवाज कानात."

"अहो दाजी, ती तुम्हाला जागं ठेवते! आज माझा जीव वाचवलाय तिनं. हा डबा बघा. हे माझं डोकं असतं."

दाजींनी डब्याकडे पाहिले. 

"तुमच्यासाठी असेल तसं," ते म्हणाले. "माझ्यासाठी नाही. ती मला विचारते. रोज विचारते... झोपलात कसे?" त्यांनी ओठ आवळले. "जाड पत्रा टाका. वाजणारच नाही असा."

"नाही टाकणार."

"का?"

"वळणावर कोण उठवेल तुम्हाला?"

"झोपच झाली नाही, तर माणूस वळणावर पेंगणारच ना! मला एक रात्र घरी झोपू द्या. एकच." आणि साठीला आलेला तो माणूस मिस्त्रींच्या पायाशी बसला. "पाया पडतो."

मिस्त्रींना हे सोसवले नाही. मालमोटारीच्या तळाला टाकतात तसली जाड प्लेट त्यांच्याकडे पडून होती. पत्रा दबतो, तर जाड टाकावा. धंद्यात यापलीकडे दुसरे उत्तर नसते. दाराखालची कुजकी पट्टीही त्यांनी बदलली. हे सारे उरकेपर्यंत तीन वाजून गेले. शेवटी रंग मारण्याआधी त्यांनी घण घेतला आणि त्याच जागी पूर्ण ताकदीने हाणला. प्लेटवर ओरखडा उठला; खळगा नाही.

दाजींनी आत बसून आपली टाच आपटली. नुसता मुका धप्प आवाज. सहा वर्षांत ते पहिल्यांदा हसले.

"आता बोल म्हणावं," ते म्हणाले.

पुढचे आठ दिवस दाजी घरी गाढ झोपले. शेजारणी सांगत, भिंतीपलीकडून घोरणे ऐकू येई. मिस्त्रींनाही वाटू लागले, झाले ते बरेच झाले. नवव्या पहाटे टेकडीच्या पायथ्याच्या वळणावर व्हॅन सरळ गेली. रस्त्यावर टायर घासल्याची खूण नव्हती. यावेळी आदळली ती उजवी बाजू. दाजींचे डोळे मिटलेलेच होते.

व्हॅन ओढून मिस्त्रींच्या दुकानापुढे आणून टाकली. ते तिच्याजवळ जाईनात. अंधार पडल्यावर गेले. डावे दार सहज उघडले. त्या बाजूची काचसुद्धा शाबूत होती. त्यांनी चटई उचलली.

प्लेट दबली होती. वरून. गोल. घणाला जे जमले नव्हते ते... आणि तांबड्या रंगाला एकही तडा नव्हता.

"तिनं दाबलं होतं," मामा म्हणाले. "दाबलं होतं रे. वाजलं नाही, इतकंच."

 मामांनी विडी पेटवली आणि ती तशीच जळू दिली.

डिसेंबरमध्ये मी मिस्त्रींच्या दुकानात गेलो. ती प्लेट त्यांनी कापून काढली आहे आणि आतल्या भिंतीवर तारेने टांगली आहे. गाडीचा अपघात, टायरच्या खुणांचा अभाव आणि शाबूत डावी बाजू यांची शहानिशा मी व्हॅन ओढून आणणाऱ्या माणसाकडून केली. प्लेटची जाडी स्वतः तपासली. खळग्यावरचा रंग बोटाने चाचपून पाहिला. तो अखंड आहे.

एकच गोष्ट मला कधीही पडताळता आली नाही. प्लेट भिंतीवर टांगली तेव्हा तिच्यात खळगा एकच होता, लहान, बाईच्या टाचेएवढा, असे मिस्त्री शपथेवर सांगतात. त्याला दुसरा साक्षीदार नाही. मी पाहिली तेव्हा खळगे दोन होते. दुसरा पहिल्याला अगदी खेटून आहे, आणि मोठा आहे.