शेवटची बारकी नळी

"हे ठिगळ कुठल्या गाढवानं लावलंय?"

चर्चच्या जुन्या, कपाटाएवढ्या नळ्यांच्या ऑर्गनच्या पोटातून आवाज आला. बाहेर नुसते दोन बूट दिसत होते. मी त्या बुटांनाच उत्तर दिलं, "माझ्या वडिलांनी."

बूट हलायचे थांबले. मग कारागीर सरपटत बाहेर आला. केसांत धूळ, गालावर सरस, आणि डोळे... डोळ्यांचं राहू दे, तेव्हा माझं डोकं फिरलं होतं.

तीस वर्षं बाबांनी हा ऑर्गन सांभाळला. आता त्यांचे हात थरथरतात, म्हणून कमिटीनं या बाहेरच्याला बोलावलं. रविवारी सुरात वाजला तर ठीक, नाहीतर भंगारात. हे ऐकल्यापासून बाबांचं जेवणावरून मन उडालं होतं.

"सॉरी," तो म्हणाला. "ठिगळ कुरूप आहे, पण भात्यातली हवा त्याच्यामुळेच टिकलीय. मी त्याला हात लावणार नाही."

"उपकार झाले."

सूर लावायला दोघं लागतात. एकानं पट्टी दाबून धरायची, दुसऱ्यानं आत शिरून नळी जुळवायची. पट्ट्यांची माहिती फक्त मला, म्हणजे बळीचा बकरा मीच. चार दिवस मी बाहेर, तो आत. "पुढची." "थांबा." "अजून जरा..."

मधेच म्हणाला, "तुम्ही पट्टीसुद्धा रागानं दाबता. इथे आत कळतं."

"मग कान बंद करा."

"कसे करू? ऐकायला आवडतंय..."

पुढची पट्टी मी अशी आपटली, की आतून हसू आलं. मेल्याला हसू सुचत होतं.

शुक्रवारीच सगळ्यात बारकी नळी तेवढी उरली होती. शनिवारी सकाळपासूनही तिचंच "अजून जरा" चाललं होतं. घरून बाबांचा दर तासाला फोन – झालं का? शेवटी डोळे मिटून नीट ऐकलं.

"बाहेर या."

तो आला.

"ही नळी सुरात आहे."

"हो."

"कधीपासून?"

"...कालपासून."

"तिकडे माझा बाप दोन घास गिळत नाहीये, आणि तुम्ही इथे खेळ मांडलाय?"

त्याची मान खाली गेली. "झालं म्हटलं असतं, तर कालच्याच गाडीनं जावं लागलं असतं. तुम्हाला सोडून जाववेना. वडिलांचा विचारच केला नाही मी... चुकलं माझं."

असा संताप आला होता, की काय सांगू. आणि त्या संतापातच एक गोष्ट ध्यानात आली. बाबांची मुलगी मी, माझे कान तिखट. मग कालपासून लागलेला सूर मला आज का ऐकू यावा?

स्वतःचाच राग आला. तोही मी त्याच्यावरच काढला.

"आधी घरी चला. सगळं बाबांना तुमच्या तोंडानं सांगा. ते बोलतील ते ऐकून घ्या."

"आणि आजची गाडी?"

"चुकेल ती," मी तणतणत म्हणाले आणि त्याच्या हातातली हत्यारांची पेटी हिसकावून घेतली.