रेस कोणी दिली

मोबाइल ठेवा बाजूला, मग सांगतो. ही माझ्या साडूची गोष्ट, त्याच्याच तोंडून ऐकलेली. खोटं बोलायचं त्याला सुचतही नाही, एवढा सरळ माणूस.

हॉस्पिटलच्या चादरी धुवून पोचवायचा त्याचा धंदा. त्यासाठी एक जुनी व्हॅन घेतली होती. नोव्हेंबरातल्या शेवटच्या रविवारी ती रस्त्यात तापून बंद पडली. आणि सोमवारी पहाटे आमच्या सासऱ्यांना डायलिसिसला न्यायचं होतं. ते तेव्हा साडूकडेच राहत. एक खेप चुकली की त्यांना धाप लागायची. पहाटेची दुसरी गाडी मिळेना. म्हणून जेवण उरकून साडू अंगणातल्या दिव्याखाली कामाला लागला.

रेडिएटरमधलं जुनं पाणी सोडलं, गंजानं तांबडं झालेलं. नळाची नळी लावून, स्वच्छ पाणी यायला लागेपर्यंत सगळं आतून धुतलं. नवीन कूलंट भरलं. आता राहिली हवा. पाइपात हवा अडकली की पाणी फिरत नाही, गाडी परत तापते. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून रेस द्यायची, दुसऱ्यानं पुढे उभं राहून हवेचा स्क्रू सांभाळायचा.

त्यानं आत बसून इंजिन चालू केलं, उतरला आणि बायकोला हाक मारली. माझी मेव्हणी आतून म्हणाली, बाबांना गोळ्या देते आणि आलेच.

रात्रीचे साडेदहा झाले होते.

साडू बॉनेटखाली वाकला. बॉनेट वर केलं की समोरून आतलं काही दिसत नाही. थोड्या वेळानं व्हॅनचं दार लागल्याचा आवाज आला. गाडी किंचित हलली. आली बाई एकदाची, असं मनात म्हणत त्यानं स्क्रू ढिला केला.

"दे थोडी रेस."

इंजिनचा आवाज वाढला. स्क्रूपाशी बुडबुडे आले.

"बास."

आवाज खाली आला.

दुपारी दोघांचं वाजलं होतं, याच व्हॅनवरून. विकून टाक हे खटारं, असं ती म्हणाली होती. तर काम करता करता हा तिची समजूत काढत राहिला. आतून हूं नाही की चूं नाही. त्याला वाटलं, अजून धुसफुसतेय.

"अजून थोडी..."

वाक्य संपायच्या आतच इंजिन वाढलं.

बुडबुडे थांबले. सलग धार आली. त्यानं स्क्रू आवळला.

"झालं. उतर आता."

कोणी उतरलं नाही.

आणि मागून, घराच्या पायरीवरून, मेव्हणी म्हणाली, "झोपले बाबा. बसू का आता?"

साडूनं मान वळवली. ती पायरीवर उभी होती. पदराला हात पुसत.



तेवढ्यात इंजिन वाढलं. कोणी सांगितलं नव्हतं. आणखी वाढलं... आणखी... रेडिएटरचं झाकण उघडंच होतं. उकळतं पाणी उसळून त्याच्या मनगटावर आलं. पळावं, तर इंजिन जळणार. मग पहाटे सासऱ्यांचं काय?

तो गाडीला धरून धरून बाजूला आला. आत बघायचं नाही, एवढंच ठरवलं. तोंड फिरवून उघड्या खिडकीतून हात घातला. चाचपडला. किल्ली लागली. फिरवली.

शांत.

हात बाहेर काढताना बोटांना काही लागलं का, असं मी त्याला विचारलं होतं. तो उठून निघून गेला.

रात्रभर दोघं जागीच. उजाडता उजाडता त्यानं व्हॅनचं दार उघडलं, तर त्याला आत शिरताच येईना. सीट पुढे सरकलेली. पार स्टिअरिंगपर्यंत. गाडी घेतल्यापासून ती सीट जागची हलली नव्हती, खटका गंजून बसला होता. मेव्हणीनं शिरून पाहिलं. तिचेही गुडघे मावेनात.

शेवटी हातोडीनं ठोकून मागे घेतली. सासरे वेळेवर पोचले. वाटेत गाडी जरासुद्धा तापली नाही.

पण हातोडी उचलायच्या आधी साडूनं सीट आणि स्टिअरिंग यांच्यात उरलेली जागा हातानं मापली होती. मला त्यानं दोन्ही तळहात जवळ आणून दाखवली.

हे बघा... एवढी.