हॅमिल्टनचा मतदार

"कोंढेपाड्याची वाट इथंच होती ना?" तारेच्या कुंपणापाशी उभ्या असलेल्या माणसानं विचारलं, आणि नूरजहाँच्या मस्तकात तिडीक उठली.

१९६८ च्या फेब्रुवारीतली भर दुपार. तिच्या डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. मागून जमुना, तीही तशीच लादलेली. आणि समोर हा… अंगात लोकरीचा कोट, पायांत चकचकीत बूट, हातात चामड्याची बॅग. रंगाच्या नव्या कारखान्याचा साहेब, दुसरं कोण असणार?

"होती," ती म्हणाली. "तुमच्याच कंपनीनं गिळली. आता विहिरीवर यायचं तर मैलभर वळसा पडतो. जाऊन सांगा तुमच्या शेठला, कोंढेपाड्याच्या बाया रोज दोनदा त्याच्या नावानं बोटं मोडतात."

त्या माणसानं बॅग कुंपणापलीकडे टाकली, तारेवर पाय ठेवला आणि चढू लागला. विजारीचा टर्रकन आवाज झाला. आतून राखणदार ओरडला. तो मुकाट्यानं खाली उतरला, तारेखाली हात घालून बॅग ओढून घेतली, फाटक्या विजारीवर कोट धरला आणि म्हणाला, "सुएझचा कालवा बंद हाय म्हनून आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून आलो, बाई. आता सोताच्या घरी जायला पन वळसाच?"

जमुनानं त्याला निरखून पाहिलं. "अगो नूर… हा तर करिमुन्निसाखालाचा सुलेमान."

नूरजहाँचा चेहरा तापला. पण तिनं माफी मागितली नाही. जमुनानं आपली कळशी त्याच्या हाती दिली. नूरजहाँनं आपली दिली नाही. मैलभर तिघं चालली. तो दोनदा तिच्याकडे वळून हसला. ती नाकासमोर बघत राहिली, आणि त्याची पाठ झाल्यावर मात्र त्या फाटक्या विजारीकडे बघून पदरात हसली.

कधी पाहिला नसला तरी सुलेमान तुंगेकर तिला अनोळखी नव्हता. खरं तर गावात त्याला तिच्याइतकं कुणीच ओळखत नव्हतं. तुर्भे आणि घणसोलीच्या मधल्या त्या खाडीकाठच्या गावात निम्मे पुरुष आगबोटींवर, आणि त्यांच्या बायकांना अक्षरओळख नाही. नूरजहाँ सातवी शिकलेली. तिचे अब्बा बोटीवरच वारले, तेव्हा, सुलेमान गाव सोडून गेला त्याच वर्षी, ती आणि तिची आई आजोळाहून चुलत्याच्या, करीमचाचाच्या घरी राहायला आल्या. गावची पत्रं तीच वाचायची, उत्तरंही तीच लिहायची. सहा वर्षं सुलेमानची निळी पाकिटं तिनं त्याच्या आईला वाचून दाखवली होती. तो बोटीवरून ग्लासगोत उतरला, शेजारच्या हॅमिल्टन नावाच्या गावात राहिला, बसचा कंडक्टर झाला, बर्फात पडून मनगट मोडून घेतलं… सगळं तिला पाठ.

पण गेल्या वर्षभरात पत्रांना वेगळंच वळण लागलं होतं. आईची खुशाली दोन ओळी आणि बाकी चार पानं स्कॉटलंडचं राजकारण. स्कॉटलंड म्हणजे इंग्लंड नव्हे, हे तो दर पत्रात बजावायचा. एके काळी ते वेगळं राज्य होतं. आता त्यांचे खासदार लंडनच्या पार्लमेंटात बसतात, पण सहाशेंच्या गर्दीत सत्तर-एकाहत्तर. त्यांचं ऐकतो कोण? हॅमिल्टनच्या आसपासच्या कोळशाच्या खाणी बंद पडत होत्या आणि निर्णय होत होता लंडनला. मग स्वतःचं राज्य मागणारा एक लहानसा पक्ष, ज्याला कुणी खिजगणतीत धरत नव्हतं, पोटनिवडणुकीला उभा राहिला. उमेदवार एक बाई, वकील, तीन मुलांची आई. मजूर पक्षाचा बालेकिल्ला होता तो. आणि बाई निवडून आली. तिला लंडनला पोचवायला लोक गाडी भरून गेले. सुलेमाननं तिच्यासाठी ड्युटी संपल्यावर घरोघरी जिने चढून कागद वाटले होते, मतही दिलं होतं. हिंदुस्थानातून गेलेल्या माणसाला तिथं मत देता येतं, हे लिहिताना त्यानं शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या.

करिमुन्निसाखाला हे ऐकता ऐकता पेंगायची. नूरजहाँ मात्र घरी जाऊन दातओठ खायची. कारण ज्या आठवड्यात ते पत्र आलं, त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीनं विहिरीची वाट कारखान्याला देऊन टाकली होती. ठरावावर सरपंच तुळशीरामची सही होती, आणि खाली पंच म्हणून करीमचाचाची.

तो आल्यावर चार दिवसांनी खालानं गावाला चहाला बोलावलं. ओटीवर माणसं दाटली. सुलेमान रंगात येऊन हॅमिल्टनची निवडणूक सांगू लागला. नूरजहाँ आतल्या दाराशी उभी होती. तिनं ऐकलं, ऐकलं, आणि मग सगळ्यांसमोर बाहेर आली.

"परक्यांच्या वाटेसाठी जिने चढलात," ती म्हणाली. "इथं आईच्या डोक्यावर हंडा. साठाव्या वर्षी मैलभर वळसा घालते ती. मी लिवलं होतं पत्रात. त्याचं उत्तर काय आलं? तर बाईनं टोपी कोनती घातली होती!"

करीमचाचानं खोकून तिला आत जायची खूण केली. ती गेली नाही.

सुलेमानच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. "ते अक्षर तुमचं?" त्यानं हळूच विचारलं. मग हातातली बशी न पिताच खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो विहिरीवर आला. तिथं येणारा तो एकटाच पुरुष. जमुना पोहरा सोडता सोडता गालात हसली आणि बाजूला झाली. नूरजहाँनं आत्तापर्यंत किती अर्ज लिहिले, असं त्यानं विचारलं. अकरा, ती म्हणाली. मामलेदाराला, कलेक्टरला, मंत्र्याला. उत्तर एकाचंही नाही.

"खाणीवाल्यांनीपन अर्जच केले होते वर्सानुवर्स," तो म्हणाला. "अर्ज दप्तरात जातो. मत दप्तरात जात नाय. एप्रिलात पंचायतीची निवडनूक हाय. तुमी उभ्या राहा."

"आमच्या वार्डातून चाचा उभा हाय."

"म्हनून तर."

तिला त्याचा इतका राग आला की दोर हातातून सुटला. ज्याच्या घरात खायचं त्याच्याविरुद्ध उभं राहायचं, हे सुचवायला याचं काय जातं? चार महिन्यांची रजा घेऊन आलेला पाहुणा! ती तसं बोललीही. तो ऐकून घेत होता आणि वाकून विहिरीतला पोहरा गळानं काढत होता. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, मनगटावर मोडल्याची जुनी खूण. तिची नजर त्या खुणेवर गेली… आणि का कुणास ठाऊक, तिथंच राहिली.

त्या रात्री जेवताना करीमचाचानं ओटीवरच्या अपमानाबद्दल तिच्या आईला सुनावलं. पोरीला आवरा, नाहीतर आपलं बिऱ्हाड दुसरीकडे बघा, असं म्हणाला. आई ताटावर रडली. सकाळी नूरजहाँनं उमेदवारीचा अर्ज भरला. सूचक म्हणून जमुनाचा बाप गोटीराम उभा राहिला. दुपारी आईला घेऊन ती करिमुन्निसाखालाच्या पडवीत राहायला आली, आणि सुलेमान आपली वळकटी घेऊन मशिदीच्या ओट्यावर झोपायला गेला.

प्रचार कसा करायचा, हे त्यानं शिकवलं. हॅमिल्टनला करायचे तसं एकेका घराचं एकेक कार्ड. नावं लिहायची, आणि पुढे तिनांतली एक खूण: आपलं, त्यांचं, किंवा सांगता येत नाही. तो दाराबाहेर थांबायचा, ती आत जायची. आगऱ्यांच्या घरात जमुना बरोबर असायची. बायका आधी तिला बसायला पाट द्यायच्या आणि मत घरधनी ठरवतो म्हणायच्या. मग पाण्याचा विषय निघायचा. मग त्यांचा आवाज चढायचा. सगुणा नावाच्या म्हातारीनं डोकं उघडं करून टक्कल पडलेली जागा दाखवली. जन्मभर हंडा वाहून वाहून पडलेली, आता मैलभर जास्तीनं वाढलेली. नूरजहाँ त्या घरातून बाहेर आली आणि पदरानं डोळे पुसू लागली. सुलेमाननं आपला रुमाल पुढे केला. तो रुमाल तिनं दोन दिवस परत दिला नाही.

एकदा कार्डं लावताना त्याच्याच घराचं कार्ड तिच्या हाती आलं. खालापुढे 'आपलं' अशी खूण. खाली सुलेमानचं नाव, पुढे जागा कोरी.

"तुमचं काय?" तिनं नजर न उचलता विचारलं. "सांगता येत नाय?"

"माझं नाव इथल्या यादीत नाय," तो म्हणाला. "असतं तर… कधीच ठरलं होतं. पत्रातल्या अक्षरावरच ठरलं होतं."

तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. पण लगेच मागोमाग तो जुना राग उसळला. "म्हंजे तिकडच्या यादीत हाय. जूनमध्ये बोट हाय. मग असं बोलू नका," ती म्हणाली आणि कार्डं गोळा करून उठली. त्यानंतर आठ दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

एप्रिलच्या शेवटी शाळेत मतदान आणि मोजणी झाली. करीमचाचाला सदुसष्ट मतं पडली, नूरजहाँला शहात्तर. बायांनी तिला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. चाचा शाळेच्या मागच्या दारानं निघून गेला.

पण पंचायतीत नऊ जण. पाच तुळशीरामचे, तीन विरोधी गटाचे, आणि ती एकटी. पहिल्या सभेत तिनं वाटेचा ठराव मोठ्यानं वाचायला लावला. तुळशीरामनं हसून पुढचा विषय घेतला. विरोधी गटवालेही हसले; वाट देताना त्यांनीही हातच वर केला होता. ती घरी आली ती संतापानं रडतच. एका जागेनं काय होणार, असं तिनं सुलेमानवर ओरडून विचारलं. सगळं त्यानंच डोक्यात भरवलं होतं, त्याच्या त्या बाईनं तरी लंडनमध्ये एकटीनं काय दिवे लावले?

तो भांडला नाही. मे संपता संपता हॅमिल्टनहून त्याच्या एका दोस्तानं वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं. ते त्यानं तिला शब्द न शब्द मराठीत सांगितलं. त्या लहान पक्षानं मे महिन्यात गावोगावच्या नगरपालिकांत मुसंडी मारली होती. आणि लंडनमधल्या बड्या विरोधी पक्षाचा पुढारी, ज्याला कालपर्यंत स्कॉटलंडचं नाव ऐकायचं नव्हतं, तो आता म्हणत होता की स्कॉटलंडला स्वतःची सभा असायला हवी.

"बाई एकटीच हाय अजून," सुलेमान म्हणाला. "पन दोनी मोठ्या पक्षांना झोप नाय. उद्या आपली जागा जाईल, ही भीती."

नूरजहाँनं जमुनाला हाक मारली, आणि दोघी कार्डं घेऊन दुसऱ्या वार्डांत हिंडू लागल्या. निवडणूक नव्हती, काही नव्हतं. नुसतं विचारत होत्या, पुढच्या खेपेला कुणाला? आठवड्यात दोन्ही गटांच्या कानावर गेलं. जूनच्या सभेत विरोधी गटानं वाटेचा विषय स्वतःहून काढला, म्हणून तुळशीराम घाईनं म्हणाला की तो तर आपण आधीच मांडणार होतो. ठराव नऊ विरुद्ध शून्य झाला. पंधरवड्याच्या आत कारखान्यानं कुंपणात फाटक बसवलं, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत उघडं. जमीन परत मिळाली नाही. फाटक मिळालं.

फाटक उघडलं त्या दुपारी सुलेमान पडवीत आला. बोटीचं तिकीट परत केलं, म्हणाला. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एसटीवर कंडक्टरची जागा निघाली आहे, अर्ज टाकलाय.

तिला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संतापच. "माझ्यासाठी राहू नका," ती म्हणाली. "उद्या भांडन झालं की म्हनाल, तुझ्यापायी ग्लासगो सोडलं. मला ते ऐकायचं नाय."

"तुझ्यापायी नाय सोडलं," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. "सहा वर्सं आई ज्या वाटेनं पानी वाहत होती, ती गेली, आनि मी तिकडे टोपीचं वर्नन लिवत होतो. त्याचा राग हाय मला, सोताचा. तुझ्यासाठी वेगळं कारन हाय. तू रागावतेस तेवा…" तो अडखळला. "तेवा मला वाटतं, हिच्यासमोर खोटं बोलून जगता येनार नाय. आनि तसंच जगायचं हाय मला."

"इंग्रजासारखं लांबड लावता," ती उंबऱ्याकडे बघत म्हणाली.

"इंग्रज नाय…"

"म्हाईत हाय. स्कॉटलंडवाल्यासारखं." आणि ती हसली, त्याच्या देखत, पहिल्यांदा.

निकाहाच्या दिवशी नवरीचा 'वकील', म्हणजे तिच्या बाजूचा प्रतिनिधी, म्हणून तिची मंजुरी विचारायला दोन साक्षीदार घेऊन आत आला तो करीमचाचा. वडील नाहीत, तेव्हा मान त्याचा. चार महिने तो तिच्याशी बोलला नव्हता. त्यानं नवऱ्यानं द्यायच्या मेहेरची रक्कम सांगितली, मुलाचं नाव घेतलं, आणि मध्येच थांबून खाली बघत म्हणाला, "मी तुला मत दिलं नव्हतं, पोरी."

"मला म्हाईत हाय, चाचा."

"रात्री झोप लागली नाय मला, वाट दिली तेव्हापासून." त्यानं घसा साफ केला. "बोल. कबूल हाय?"

ती लगेच बोलली नाही. चाचाचा राग होता, तो गेला नव्हता, आणि त्याचे पांढरे झालेले कल्लेही तिला दिसत होते. बाहेर मांडवात पुरुषांची कुजबुज थांबली. कुणीतरी अस्वस्थपणे चटईवर जागा बदलली. कोण ते तिला बरोबर कळलं.

"कबूल," ती म्हणाली, नवरीनं म्हणू नये इतक्या मोठ्यानं. मांडवातल्या शेवटच्या माणसानंही ते ऐकलं, आणि सुलेमान एकटाच मोठ्यानं हसला.