पदराआडचं तोंड

"घाल वं तिच्या तोंडात खडा, अन् दार लोट! पाहुणे फाटकापाशी आले नं!" इंदूबाईंनी पदर तोंडावर धरूनच दबक्या आवाजात फर्मावलं, आणि सुनेच्या, भागीरथेच्या हातावर खडीसाखर ठेवून त्या लगबगीनं पुढच्या खोलीत गेल्या.

धाकट्या नणंदेला, नीलाला बघायला काटोलची माणसं संत्र्यांची करंडी घेऊन आली होती. आणि पाहुणे आले की भागीरथेच्या नऊ वर्षांच्या बकुळनं मागच्या खोलीत खडीसाखर चोखत गुपचूप बसायचं, ही महाल पेठेतल्या त्या घराची रीतच होती. जन्मापासून मंद बुद्धीची पोर... चार-पाच शब्दांपलीकडे बोलणं नाही, पण डोळ्यांत केवढं आर्जव! आणि आजीवर कोण जीव! आजी कोणाशीही बोलताना तोंडावर पदर धरी, तर ही वेडी फ्रॉकचा घेर उचलून तोंडावर धरी.

आज मात्र खडा दाताला लागताच बकुळनं अशी किंकाळी फोडली की पुढच्या खोलीतल्या कपबशा थबकल्या. खडा थुंकून ती गाल धरून लोळू लागली. भागीरथेनं तोंडात डोकावून पाहिलं... मागची दाढ पार किडून काळी पडलेली, हिरडी टरारून सुजलेली! किती दिवस सोसत होती ही मुकी वेदना?

पाहुणे गेल्यावर इंदूबाई कडाडल्या, "तुह्या पोरीपायी माही पोर घरात बसन, समजलं?"

भागीरथेचा नवरा, मनोहरराव, डाकगाडीवर नोकरीला. तो घरी असला तरी आईपुढे मान खाली आणि नसला तरी भिंतीच सोबतीला.

दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन ती सीताबर्डीवरच्या एका दातांच्या डॉक्टरकडे गेली. बकुळनं फ्रॉकचा घेर तोंडावर असा गच्च दाबला की सुटेना. दोघांनी तिचे हात धरले, तिनं लाथ मारली आणि हत्यारांचा ट्रे खणखणत जमिनीवर! डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच भागीरथेला जास्त लागलं. थंडपणे म्हणाले, "बाई, अशी मुलं इथं आणत जाऊ नका. बाकीचे पेशंट घाबरतात."

सायकलरिक्षात लेकीला पोटाशी धरून ती परतली. भर बाजारातून रिक्षा चालली होती, केवढी माणसं... आणि त्या एवढ्या माणसांत माझ्या लेकराला ये म्हणणारं एकही दार नसावं ना!

पण शेजारच्या यमुताईंनी सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. त्या बाईंनी बकुळला हातसुद्धा लावला नाही. खुर्ची वर-खाली करून दाखवली, दुखण्यावर गोळ्या दिल्या आणि विचारलं, "हे फ्रॉक तोंडावर धरणं ही कोणाचं बघून करते?"

"आजीचं."

"मग परवा आजीला आणा. जोर करायचा नाही. आजीनं 'आ' केलं की ही करेल."

तंबाखूचा गुडाखू घासून घासून इंदूबाईंचे दात काळे खुंट झाले होते, आणि कोणे एके काळी त्यांच्या दिरानं त्यावरून भर पंगतीत थट्टा केली होती. तेव्हापासून तो पदर तोंडावर चढला तो उतरलाच नाही.

तरी तिनं विचारलं.

"माह्या तोंडाचा तमाशा करतं का वं चारचौघांत?" इंदूबाई उसळल्या. "तुह्या सासऱ्यानंबी पाह्यलं नाही हे तोंड!"

सांगितल्या दिवशी भागीरथा एकटीच लेकीला घेऊन गेली. स्वतः खुर्चीत बसून तिनं तोंड उघडलं... "आ कर नं बाई माही! हे पाह्य, मायसारखं!" बकुळ नुसती बघत राहिली, फ्रॉक तोंडावर तसाच. आईचं अनुकरण तिनं कधी केलंच नव्हतं. आई म्हणजे तिला आपलाच हात, आपलाच पाय... आपल्या हाताकडे कोण बघतं!

"गोड फार देता का हिला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

भागीरथा मान खाली घालून म्हणाली, "मीच देते... उगी राहावी म्हणून."

"खोटं बोलून राहिली ते!"

दारात इंदूबाई उभ्या होत्या! धापा टाकत, पदर तोंडावर धरलेला. "खडा मी देत होती, डॉक्टरीणबाई. पाहुणा आला का खडा, रडली का खडा... ह्या दोघी निंगाल्या, अन् मी डबा पाह्यला तं पार रिकामा. घरात दुसरं खाते कोण?"

त्या पुढे आल्या, खुर्चीत बसल्या. बाकावर माणसं होती, शिकाऊ पोरं होती. इंदूबाईंनी डोळे मिटले... आणि पदर सोडला. त्यांनी तोंड उघडलं. ते काळे खुंट सगळ्यांनी पाहिले!

बकुळ टक लावून बघत होती. हळूहळू तिच्या मुठीतला फ्रॉकचा घेर सुटला. "आ...!"

दाढ निघाली तेव्हा आजीचं बोट तिच्या मुठीत होतं.

बाहेर व्हरांड्यात इंदूबाईंच्या डोळ्यांतून घळघळा धारा लागल्या. "एवढा दोष आंगावर काहून घेतला वं?"

"घरातली गोष्ट बाहेर कशाले न्याची, आत्याबाई..."

"लेकरूबी घरातलंच होतं माय! त्यालेच तं बाहेर येऊ देल्लं नाही मी!"

काटोलचा होकार आला नाही. पुढच्या महिन्यात रामटेकहून दुसरे पाहुणे आले. चहा टाकता टाकता भागीरथेचा हात सवयीनं खडीसाखरेच्या डब्याकडे गेला... तो रिकामाच होता, घासून पालथा घातलेला. पुढच्या खोलीतून आवाज आला, "हे आमची नात, बकुळ. बोलत नाही जास्त, पण जीव लावते!" आणि मागोमाग इंदूबाईंचं मोकळं, पदराबाहेरचं हसू.

भागीरथेनं डोकावून पाहिलं. बकुळ आजीला टेकून संत्र्याची फोड खात होती, रस हनुवटीवर ओघळलेला.

मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. नऊ वर्षं पाहुणे असले की ती त्या दाराआड लेकीजवळ बसलेली असे. आज तिथं कोणीच नव्हतं. चहा उतू जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली... हातांना काय काम द्यावं, तेच तिला सुचेना!