सर्व्हरचं घड्याळ

लाल धूळ झटकत दोघं सेरेनाच्या दारात उभी राहिली. तिने बोलावलेल्या, पर्थच्या खासगी तपासनीस वीणाताई, आणि गाडी चालवणारे, प्रश्न उशिरा सुचणारे त्यांचे यजमान पद्माकर.

आत कॅसिमिर वसईचे फुगे, तळलेले गोल पाव, गरम करत होता. तो सेरेनाचा मावसभाऊ. वसईहून ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीला ती त्याच्याच घरी उतरली होती. खाणीतली नोकरीही त्यानेच पाहून दिली.

खाणीची भिंत सरकते का, हे मोजणं सेरेनाचं काम. गुरुवारी दहा वाजून सहा मिनिटांनी तिने सर्व्हरवर लिहिलं, खाण रिकामी करा. दहा चाळीसला भिंत कोसळली. ट्रक चालवणाऱ्या विश्रामचा पाय गेला. पण दहा वीसला, तिच्याच नावाने, दुसरी नोंद होती: पुन्हा मोजलं, धोका नाही. ती तिने लिहिलीच नव्हती. नोंद पुसता येत नाही, फक्त नवी घालता येते, आणि तिच्यावर यंत्र आपल्या घड्याळाची वेळ मारतं. उद्याच्या चौकशीत तिचं इंजिनिअरपण जाणार होतं, आणि विश्रामच्या पायाचं पाप तिच्या माथी येणार होतं.

कंट्रोल रूम कॅसिमिरची. तो डॅरेनला, म्हणजे शिफ्टच्या साहेबाला, कळवणारच होता, तेवढ्यात ‘धोका नाही’ आलं, असं तो म्हणाला. मग मनगटाकडे बघून उठला. "सहा वाजले. चर्चमधली मिस्सा चुकेल."

पद्माकरांनी फोन पाहिला. "सात मिनिटं आहेत अजून."

"डॅडींची सवय हो. वेळेआधी पोचायचं." सेरेनाच्या डोक्यावर हात ठेवून तो गेला.

सकाळी खाणीच्या ऑफिसात डॅरेन चिडलेलाच होता. त्याला कोणीच काही कळवलं नव्हतं. सर्व्हरच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे आणि कॅसिमिरकडे, दोघांकडेच. घड्याळ तो वापरत नाही, वेळ फोनवर बघतो. कॅसिमिर म्हणाला, त्या खोलीत आपण वर्षभर पाऊल टाकलेलं नाही, संगणकातलं आपल्याला कळत नाही. सर्व्हर सांभाळणारा हृषिकेश पर्थहून फोनवर बोलला. यंत्र बाहेरच्या जगाला जोडलेलं नाही, सोमवारी त्याने वेळ मिनिटाला मिनिट जुळवली होती. चालू असताना ते घड्याळ पुढे सारू देतं, मागे नाही. तसं कुलूपच आहे. मागे न्यायचं तर खोलीत बसून यंत्र बंद-चालू करायचं, कुलूप लागण्याआधी वेळ टाकायची. त्याच्या पायऱ्या कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या आहेत. तिथे बसून नोंदही कोणाच्याही नावाने घालता येते.

वीणाताईंनी यंत्राला दोन गोष्टी विचारल्या. किती वेळ जागं आहेस? गुरुवारी अकरापासून. आता किती वाजले? नऊ सत्तावीस.

त्यांच्या फोनवर नऊ वीस झाले होते.

"म्हणजे बॅटरी गेली?" पद्माकर म्हणाले.

"नाही हो. भिंत पडल्यावर, अकराला, कोणीतरी इथे बसून यंत्र बंद-चालू केलं. घड्याळ दहा वीसवर नेलं, सेरेनाच्या नावाने नोंद घातली. पर्थहून हे जमत नाही, म्हणून हृषिकेश सुटला. मग वेळ परत जागेवर आणली, हाताने. डॅरेनने आणली असती तर फोनवरची. ज्याने आणली त्याने मनगटावरची टाकली, सात मिनिटं पुढची. कुलूप लागल्यावर ती मागे घेता येईना."

सगळे कॅसिमिरकडे वळले. सेरेना मात्र टेबलाकडे बघत राहिली. मान वर केली तर खरं होईल, असं तिला वाटलं.

"शिफ्टचं टार्गेट होतं," तो हळू बोलला. "म्हटलं, अर्धा तास थांबू, मग कळवू. माझी बावीस वर्षं झाली इथे, सेरेना. तू लहान आहेस. तुला दुसरी नोकरी मिळाली असती."

"काल हॉस्पिटलात विश्रामपाशी माझा हात धरून प्रार्थना केलीस, दादा. कोणासाठी केलीस?"



डॅरेनने जबाबाचा कागद पुढे केला. भाऊ आहे, आजच लिहायला हवं असं नाही, वीणाताई म्हणाल्या. सेरेनाने पेन उचललं. ज्याच्याविरुद्ध जबाब, त्याच्याशी नातं काय, असा एक रकाना होता. तिथे पेन बराच वेळ थांबलं. बाहेर मोठा ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली, थांबली.

मावसभाऊ, तिने लिहिलं, आणि खाली सही केली.